सात वेढे, आठवा उलटा

"अण्णा, ही गाडी मला डोळा मारतीय."

दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात पायगोंडा मगदूमनं पिकअप आणून माझ्या दारात लावली. पायगोंडा लाट गावचा, केळीचा व्यापारी. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. महिन्याभरापूर्वी त्यानं ही सेकंडहँड पिकअप घेतली होती आणि तेव्हापासून तिला नटवत सुटला होता. आरशांना गोंडे काय, मागं रंगीत मडफ्लॅप काय, आणि पुढं ते डोळे दिपवणारे पांढरे एलईडी लाइट.

"डोळा मारतीय म्हणजे काय करतीय?"

"डावा इंडिकेटर लावला की डावा हेडलाइट पण मिचमिच करतोय. डिपर मारला की निम्मा होतोय. काल संध्याकाळी कुरुंदवाडच्या पुलावर समोरचा टेम्पोवाला खिडकीतनं डोकं काढून म्हणाला, इशारे घरी जाऊन कर."

"कंपनीचे लाइट काढून हे लावायला तुला सांगितलं कुणी?"

"दिसायला भारी दिसतंय न्हवं."

"मग नुसतं बघत बस. लावू नकोस."

पायगोंडा हसला. गिऱ्हाईकाला चार शब्द ऐकवल्याशिवाय वसंत रोकडेच्या, म्हणजे माझ्या, हाताला वेग येत नाही, हे इचलकरंजीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. ही गोष्ट दोन हजार चौदातली. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको शोभा आणि आई राहायचो. पुढं दुकान, मागं घर. अजूनही तसंच आहे, फक्त आई नाही.

मी बॉनेट उघडलं. बॅटरी बघितली, बरोबर होती. फ्यूज बघितले, बरोबर. रिले बदलून बघितला, काही फरक नाही. मग डावा बल्ब उजवीकडं आणि उजवा डावीकडं लावला. मिचमिच डावीकडंच राहिली. म्हणजे बल्ब चांगला होता, वायरिंगमध्ये घोळ होता. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं डाव्या लाइटच्या काळ्या वायरला. काटा सरकायला नको होता, तो अडीच व्होल्टवर जाऊन बसला.

"अर्थ, म्हणजे अर्थिंग मिळत नाही," मी म्हटलं. "लाइटला लागणारा करंट परत जायला वाट सापडंना, म्हणून इंडिकेटरच्या वायरीतनं शिरतोय. हे लाइट लावले कुठं?"

"हायवेच्या एका दुकानात. कुठल्या गाढवानं केलंय बघा तरी."

"ते मी बोलणार नाही."

"का?"

"आम्ही दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवत नाही. तुला काय पाहिजे ते बोलीन. काम ज्याचं त्याचं."

हे खरं होतं. आमच्या धंद्यात हा नेम पाळणारे थोडे, पण मी कडक पाळायचो. समोरच्याचं काम कितीही भंगार असलं तरी गिऱ्हाईकासमोर त्याला शब्द लावायचा नाही. शिव्या द्यायच्या त्या आपल्या घरच्या माणसाला.

पुढची जाळी काढली. डाव्या लाइटची काळी वायर त्यांनी जवळच बॉडीला एका स्क्रूखाली दाबली होती, तीही रंगावरच. रंग खरवडला नव्हता आणि स्क्रूला गंज चढला होता. मी स्क्रू सोडवायला हात आत घातला, तर मागं आणखी एक काळी वायर लोंबत होती. बॅटरीच्या मायनसवरून थेट लाइटपर्यंत आलेली, जाड, चांगल्या तांब्याची. हायवेवाल्यांना ती जादा वाटली असणार. त्यांनी ती मध्येच तोडून टोक दुमडून ठेवलं होतं.

मी ती वायर ओढून उजेडात घेतली. मधल्या जोडावर टेप होती आणि टेपच्या टोकावर दोरा गुंडाळलेला होता. साधा सुती दोरा, तेलानं काळा पडलेला. मी नख लावून वेढे मोजले. सात वेढे एका अंगानं, आठवा उलटा. वर चपटी गाठ, बोट फिरवलं तरी लागत नाही अशी.

या वेळी मात्र मी हातातली पक्कड खाली ठेवली.

"काय झालं, अण्णा? शॉक बसला काय?"

"बारा व्होल्टचा काय शॉक बसतोय व्हय रं," मी म्हटलं.

नंदू माझा धाकटा भाऊ. नंदकुमार. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील दुसऱ्याच्या यंत्रमागांवर कामाला होते, ते गेले तेव्हा नंदू सहावीत होता. शाळा सुटली की मागाच्या कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरायला जायचा. तिथं तो तुटलेला धागा जोडायची गाठ शिकला. पुढं मी त्याला माझ्या हाताखाली घेतलं, तरी ती गाठ काही त्याच्या बोटांतनं गेली नाही. वायर जोडून टेप मारली की वर खळीतला दोरा गुंडाळायचा. इंजिनाच्या गरमीनं टेपचा चिकटा सुटतो, दोरा सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. "वायरला जानवं घालतोस काय रं बेण्या?" म्हणून मी त्याला चिडवायचो. तो हसायचा आणि आठवा वेढा उलटा घालायचा.

दोन हजार तीन साली एका दूधवाल्याची जीप आली होती. हेडलाइट मंद. नंदू म्हणाला, दादा, बॉडीच्या अर्थवर भरवसा नको, दोन्ही लाइटना बॅटरीपासून वेगळी वायर ओढूया. त्यानं ओढलीही होती. मी काढायला लावली. म्हटलं, इतकी वर्षं सगळं गाव बॉडीच्या अर्थवर चाललंय, तू मोठा शहाणा लागून गेलास. आठ दिवसांत जीप परत आली, तीच तक्रार घेऊन. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. नंदू एवढंच बोलला, "मी सांगितलं होतं, दादा."

ओरडला नाही, हसला नाही. पण ती चार माणसं हसली. माझं डोकं फिरलं आणि हात उठला. बावीस वर्षांच्या पोराच्या थोबाडीत मारली मी, सगळ्यांच्या देखत.

नंदूनं पक्कड भिंतीवरच्या तिच्या खिळ्याला लावली. चिंधीला हात पुसले आणि बाहेर गेला. मला वाटलं, चहा प्यायला गेला.

तो परत आलाच नाही. पहिलं वर्ष मी वेड्यासारखा फिरलो. मिरजेचं स्टेशन, कोल्हापूरचा स्टँड, सोलापूरचे पाहुणे, पुण्यातल्या मित्रांच्या खोल्या. पेपरात फोटो दिला. कुठं म्हणून पत्ता नाही. आई रोज जेवायच्या आधी एक भाकरी काढून ठेवायची. अकरा वर्षं.

"पायगोंडा, ही गाडी घेतलीस कुणाकडनं?"

"एजंटाकडनं. का?"

"फोन लाव त्याला. आधीचा मालक कोण विचार."

पायगोंडानं फोन लावला. माझ्याकडं बघत 'हां, हां' करत राहिला. फोन ठेवला आणि म्हणाला, "गडहिंग्लजच्या पुढं पाच-सहा किलोमीटरवर हाय म्हणं घर, रोडला लागूनच. रोकडे म्हणून हायत. अण्णा, तुमच्याच आडनावाचं की! गाडी विकताना सही बाईनं केलीय."

बायकोच्या नावावर गाडी घेतली असणार त्यानं, असं मी मनात म्हटलं. लग्न केलंय म्हणजे. मला इतका आनंद झाला की मला दुसरं काही सुचलंच नाही. सही बाईनं का केली, हे विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

ती तोडलेली वायर मी तशीच जोडली, नंदूनं आणली होती तिथंच. लाइट लावला, इंडिकेटर लावला, डिपर मारून बघितला. पापणी हलली नाही त्या लाइटची. मग मी पळतच आत गेलो. आई उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होती.

"आई, नंदूचा पत्ता लागला."

तिच्या हातातली पाकळी पडली. "जित्ता हाय?"

"महिन्याभरापूर्वी गाडी विकलीय त्यानं. गडहिंग्लजला हाय. घेऊनच येतो."

"तुला बोलंल का रं तो?"

"न बोलून जातोय कुठं? उचलून आणतो."

शोभा मागून म्हणाली, "आधी फोन तरी करून बघा. एकदम सांगू नका आईंना काही." मी तिच्यावरच खेकसलो. आई तोवर उठून डबे हुडकायला लागली होती. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, करते म्हणाली. नंदूला हुग्गी फार आवडायची, वाटीत नको, ताटात वाढ म्हणायचा. "संध्याकाळपत्तुर या म्हणजे झालं," आई म्हणाली. "तिथं जेवू नका दोघं. भूक ठेवून या."

पायगोंडानं केळीची फेरी दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि मला त्याच पिकअपमध्ये घेऊन निघाला. कागल, निपाणी, संकेश्वर. एरवी मी गाडीत बसलो की ड्रायव्हरला शिकवत बसतो. त्या दिवशी गप्प होतो. पायगोंडाच म्हणाला, "अण्णा, मनात भांडाय लागलाय काय कुणासंगं?"

"पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवतोय."

"भाऊच हाय की. काय बी बोला."

काही बोलून चालणार नव्हतं. चुकलं म्हणायची सवय नव्हती मला, अजूनही फारशी नाही. संकेश्वर मागं पडल्यावर मला ते वाक्य सापडलं. जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "नंदू, तुझं खरं होतं. बॉडीच्या अर्थवर भरवसा नाही." तो समजला असता. त्याला माझं तेवढंच ऐकायचं होतं आणि मला तेवढंच येत होतं.

गडहिंग्लज ओलांडलं. रस्त्याच्या डाव्या अंगाला कौलारू घर, त्याला टेकून पत्र्याचं दुकान. दुकानावर हातानं रंगवलेली पाटी. मी लांबूनच वाचली आणि जोरात हसलो.

'वसंत ऑटो वायरिंग.'

"बघ, बघ! माझ्या नावावर खातंय बेणं!" मी पायगोंडाच्या मांडीवर थाप मारली. गाडी थांबायच्या आत दार उघडलं.

खाली उतरलो तेव्हा दिसलं, दुकानाला कुलूप होतं. कुलपावर धूळ होती. पायरीवर वाळका पाला साचला होता.

घराच्या दारात एक बाई सुपात शेंगा निवडत बसली होती. तीस-बत्तिशीची असेल. तिनं आमच्याकडं नाही, आधी गाडीकडं बघितलं. "लाइट बदललासा व्हय?" ती पायगोंडाला म्हणाली. मग माझ्याकडं वळली आणि तिचे हात थांबले. कपाळ मोकळं होतं तिचं. गळाही मोकळा होता.

"इचलकरंजीचं दादा न्हवं तुम्ही?" ती हळू म्हणाली. "नाक तेच हाय."



"कधी?" मी विचारलं.

"चार महिनं झालं. कावीळ झाली. अंगावर काढली. मग आठ दिवसांत सगळं संपलं."

तिचं नाव मंगल. नंदू तिच्या वडिलांच्या ट्रॅक्टरच्या वायरिंगला आला होता, तिथं ओळख झाली, लग्नाला सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हे सगळं तिनं मला पाण्याचा तांब्या देत सांगितलं. मी ऐकत होतो आणि माझ्या आत नेहमीचं जे पेटतं ते पेटत होतं. दुःख झालं तरी मला आधी रागच येतो, काय करणार.

"आणि मला कळवलं न्हाई?" मी ओरडलो. "सख्खा भाऊ मरतोय आणि मला सांगायचं न्हाई? आई जित्ती हाय त्याची! माती द्यायला तरी बोलवायचं!"

"अण्णा," पायगोंडानं माझा दंड धरला.

मंगल घाबरली नाही. खाली बघत म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यास्नी. फोन करूया, दादास्नी बोलवूया. ते नको म्हणालं. म्हणालं, एकदा कळवून झालंय."

"कधी कळवलं? मला काय कळलं न्हाई! चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई!"

"टेम्पो पाठवला होता की, दोन वर्षांमागं."

हातातला तांब्या मी खाली ठेवला.

"आमच्या शेजारचं सदूमामा हायत. त्यांचा टेम्पो. ह्यांनी त्याचं वायरिंग नवं केलं आणि लाइटची एक वायर मुद्दाम ढिली ठेवली, गाठीच्या अगदी शेजारी. सदूमामास्नी म्हणालं, इचलकरंजीला जातायसा तर अमक्या दुकानात दाखवा, दुसरीकडं न्हाई. माझं नाव काढू नका. तो काय विचारतोय तेवढं ऐकून या. दिवसभर वाट बघत बसलं, हितंच, ह्या पायरीवर. मला म्हणालं, दादा गाठ बघंल आणि विचारंल, कुठं हाय तो? मग आपण रविवारी जाऊया. आईला बघशील तू."

पुढचं मला ठाऊक होतं.

आजपर्यंत जे कुणाला बोललो नव्हतो, ते आता इथं सांगतो. तो टेम्पो माझ्या दुकानात आला होता. दुपारची वेळ होती. पिकलेल्या मिशांचा एक माणूस बाकावर बसून चहा पीत होता आणि मी त्याच्या टेम्पोच्या बॉनेटमध्ये वाकलो होतो. मला गाठ दिसली. वेढे मोजले. सात, आणि आठवा उलटा. मागं आई भांडी घासत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. त्या माणसाला मी एवढंच विचारायचं होतं, हे वायरिंग कुणी केलं?

नाही विचारलं. माझ्या मनात आलं, नऊ वर्षं झाली, आईला रडवलं, पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, आणि वायरिंग करतोय मजेत कुठंतरी. धाकटा आहे, आधी त्यानं यावं. मी का जाऊ? मी पक्कड घेतली आणि ती गाठ कापली. दोरा काढून गटारीत टाकला. वर माझी टेप मारली. आणि त्या मिशीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. काय बोललो तेही मला अक्षर न अक्षर आठवत होतं.

"सदूमामा संध्याकाळी आलं," मंगल म्हणाली. "ह्यांनी विचारलं, काय म्हणाला? ते म्हणालं, काय न्हाई बाबा, कुठल्या अडाण्यानं हे दोरं गुंडाळलंत म्हणाला, आणि सगळं कापून टाकलं."

पायगोंडा माझ्याकडं बघत होता. सकाळी मीच त्याला सांगितलं होतं, आम्ही दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवत नाही.

"दादा, एक विचारू?" मंगलनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुम्ही ती गाठ ओळखली नव्हतासा न्हवं?"

मी तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं. "न्हाई," मी म्हटलं. "ओळखली नव्हती."

"मी बी तेच म्हणत होते त्यास्नी. ओळखलं नसंल म्हणून. घाईत असतील. ते म्हणायचं, न्हाई मंगल, ओळखलं त्यानं. दादा परक्याच्या कामाला कधी नावं ठेवत न्हाई. शिव्या देतो त्या फक्त मला."

शेंगांचं सूप तिनं उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. आतून बराच वेळ स्टोव्हचा आवाज आला नाही.

दोन वर्षं मी प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडलं की आधी दोरा शोधायचो, हे तिला सांगावं असं मला वाटत होतं. मिशा पिकलेला माणूस दिसला की रस्त्यात थांबून बघायचो, हेही. त्या टेम्पोचा नंबर न लिहून घेतल्याबद्दल रात्री उठून बसायचो. पण हे सांगायचं तर आधीचं खोटं मागं घ्यावं लागलं असतं. मी चहा प्यालो.

निघताना तिनं कुलूप काढून दुकान दाखवलं. टेबल डाव्या हाताला, माझ्यासारखंच. भिंतीवर खिळे, माझ्या दुकानात आहेत त्याच क्रमानं. पक्कड तिसऱ्या खिळ्याला. शेवटच्या खिळ्याला एक कांडी लटकत होती, निम्मा दोरा संपलेली. तिथं उभं राहून मी वाटेत ठरवलेलं वाक्य बोललो. "नंदू, तुझं खरं होतं," एवढंच जमलं. मोठ्यानं रडलो मी, लहान पोरासारखा, आणि मंगल दाराशी पदर तोंडात धरून उभी राहिली.

"आईस्नी भेटायला येऊ का मी?" तिनं विचारलं.

"ये. रविवारी ये," मी म्हटलं आणि जीभ चावली. नंदूनंही रविवारच ठरवला होता.

परत येताना निपाणीच्या अलीकडं दिवस मावळला. पायगोंडानं लाइट लावला. रस्त्यावर दोन्हीकडं सारखा, पांढरा, स्वच्छ उजेड पडला. वळणावर त्यानं डावा इंडिकेटर दिला, डिपर मारला. उजेड जरासुद्धा हलला नाही.

"काम एक नंबर झालंय, अण्णा," तो सवयीनं बोलून गेला.

"माझं न्हाई ते," मी म्हटलं.



दारातच तुपाचा आणि वेलदोड्याचा वास आला. आई नवं लुगडं नेसून बसली होती. तिच्यासमोर दोन ताटं मांडलेली, एक माझं, एक त्याचं. मी चपला काढल्या. तिनं माझ्या मागं दाराकडं बघितलं.

"गाडी लावतोय व्हय तो?"

शोभानं माझा चेहरा बघितला आणि ती जाऊन आईच्या शेजारी बसली. मी आईला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. कावीळ म्हटलं, चार महिने म्हटलं, मंगल म्हटलं, दुकानाच्या पाटीवर माझं नाव होतं म्हटलं. टेम्पोचं काही बोललो नाही. आई रडली नाही. भिंतीला टेकून नुसती बसली. शोभाच रडत होती. आईनं विचारलं, "वसंता, आपण त्याला हुडकत होतो, ते ठाऊक होतं का रं त्याला?"

"व्हय," मी म्हटलं. "ठाऊक होतं."

"त्याच्या बायकोनं सांगितलं?"

"व्हय. तिनंच सांगितलं."

"मग मनात राग धरून न्हाई गेला."

"न्हाई, आई."

तिनं मान हलवली. पुढं सरकून पातेल्यावरचं झाकण काढलं. नंदूचं ताट बाजूला सारलं नाही, त्यातच हुग्गी वाढली, काठोकाठ, वर तूप सोडलं, आणि ते ताट माझ्यापुढं ठेवलं.

"भूक ठेवून आलायस न्हवं?" आई म्हणाली. "खा. गार हुतीय."

मी ती सगळी खाल्ली.